हात न पोचणारा कोपरा

“मावशी, हे तुमच्यासाठी आणलंय,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागदात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू मावशींपुढे धरली.

मावशींनी हात एप्रनला पुसले. कागद सोडला तर आतून घासणी निघाली. दांडा माणसाच्या उंचीचा, टोक हवं तसं वाकणारं, केस मऊ. मत्स्यालयात टाक्या धुवायच्या कामावर लागून त्यांना एकवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत साहेबलोकांनी त्यांना सूचना दिल्या होत्या, ताकीद दिली होती, एकदा तर कुणाच्या तरी निरोप समारंभातला उरलेला हारही दिला होता. पण त्यांच्या दुखऱ्या खांद्याकडे बघून कुणी काही आणलं नव्हतं.

“तुमचा उजवा हात वर जात नाही. मी बघतो ना रोज,” डॉक्टर म्हणाले. “सात नंबरच्या टाकीत मागचा डावा कोपरा राहून जातो तो त्यामुळेच. तुमची काही चूक नाही, हात पोचायला तर हवा! आता पोचेल. गुरुवारी तपासणीची समिती येतेय, त्याआधी तेवढं करून टाका.”

“हो,” मावशी म्हणाल्या.

माशांचे हे डॉक्टर तीनच महिन्यांपूर्वी रुजू झाले होते. वयानं मावशींच्या मुलीएवढे. पायऱ्या चढताना मावशींच्या हातातली बादली घ्यायचे, आणि त्याचा गाजावाजा करायचे नाहीत. ‘हो’ म्हटल्यावर ते खूश होऊन निघून गेले. मावशी घासणी हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. न कळून चुकलेल्या माणसाला निदान नंतर कपाळावर हात मारून घेता येतो. मावशींना तीही सोय नव्हती.

कारण तो कोपरा राहून जात नव्हता. तो त्यांनी राखला होता.

नऊ वर्षांपूर्वी सात नंबरमध्ये चार नवे मासे आले होते. बोटाएवढे. बाहेरच्या पाटीवर ‘मँडरिन मासा’ असं लिहिलेलं आहे. उथळ, शांत पाण्यात, प्रवाळाच्या तुटक्या तुकड्यांमध्ये राहतो, अंगावर खवले नसतात, कडवट बुळबुळीत थर असतो म्हणून मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत, अशीही माहिती पाटीवर आहे. पाटीवर नाही ते असं, की त्याच्याकडे एकदा बघितलं की दुसऱ्या टाकीकडे जायला माणसाच्या जिवावर येतं. गर्द निळ्या अंगावर केशरी वळणं, त्यांच्या कडेला हिरवी रेघ. एखाद्या हौशी बाईनं दुपारभर बसून भरतकाम करावं आणि मग आणखी थोडं करावं, तसं. डोळे वर आलेले, ओठ रुसल्यासारखे पुढे. पोहतो असं म्हणायचं, पण खरं तर तो पोटाखालचे पंख टेकवत दगडांवरून चालतो, आणि चालता चालता थांबून टुचकन चोच मारतो.

तेव्हाच्या मोठ्या साहेबांना टाकी आरशासारखी लागायची. मावशींनी आरसा करून दिला. दोन महिन्यांत चारांतले तीन मासे मेले. रोज गोठवलेलं खाणं पडत होतं, औषधं पडत होती, आणि मासे आतल्या आत वाळत चालले होते. “माल खराब होता,” साहेब म्हणाले आणि विषय मिटला.

चौथाही गेलाच असता. पण त्याच सुमारास मावशी स्टुलावरून पडल्या आणि त्यांचा खांदा निखळला. खांदा बसवला, पण हात पूर्वीसारखा वर जाईना, आणि मोठ्या दगडामागचा डावा कोपरा त्यांच्या टप्प्याबाहेर गेला. तिथे शेवाळ धरलं. शेवाळात आणखी कसली कसली जाळी झाली. आणि तो चौथा मासा दिवसभर तिथेच राहू लागला. दुपारी उलट्या बादलीवर बसून डबा खाताना मावशी त्याच्याकडे बघायच्या. मिनिटाला दहा-बारा चोची. सकाळी दिवे लागल्यापासून दिवे जाईपर्यंत याला दुसरा उद्योग नाही. खातोय काय हा एवढं? त्यांचा नवरा शिंपी. सुईत दोरा ओवायचं त्याचं भिंग त्यांनी एक दिवस पर्समधून आणलं आणि काचेला लावलं. शेवाळात पांढरी टिंबं धावत होती. जिवंत टिंबं. मासा एक टिंब हेरायचा, थांबायचा, टिपायचा. त्याचं पोट एवढंसं, त्यात काही साठत नाही. म्हणून सारखं खात राहायचं. आणि ही टिंबं घाणीत होतात, आरशात होत नाहीत.

तेव्हापासून माशाचं नाव रंगोबा पडलं, आणि मावशींचा खांदा बराचसा सुधारूनही त्या कोपऱ्यापुरता जास्तच दुखत राहिला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. टाकी घासायला ठेवलेल्या बाईनं ‘टाकी घासू नका’ असं सांगायचं, म्हणजे स्वयंपाकिणीनं चूल पेटवू नका म्हणण्यातला प्रकार. मोठे साहेब दर तपासणीला ओरडायचे, “ही टाकी आहे की गटार?” मावशी मान खाली घालून “करते साहेब” म्हणायच्या आणि करायच्या नाहीत. ओरडणाऱ्या माणसाचं हे एक बरं असतं. त्याला होकार देऊन आपल्याला हवं ते करता येतं, मनाला काही लागत नाही. साहेब निवृत्त झाले, दुसरे आले, तेही ओरडले. नऊ वर्षं मावशींनी बोलणी खाल्ली आणि रंगोबानं टिंबं.

आणि आता हा मुलगा घासणी घेऊन आला होता. स्वतःच्या खिशातून आणलेली.

त्या आठवड्यात घरी नवऱ्याचा खोकला चालू होता. मावशींच्या झोपेचं खोबरं झालं होतं. बुधवारी दुपारी त्या घासणी घेऊन सात नंबरच्या वरच्या फळीवर चढल्या तेव्हा मनाशी म्हणाल्या, अर्धाच घासू. पुढचा भाग. मागचा राहू दे.

पण घासणी फारच चांगली होती. एक हात फिरवला की भिंत लख्ख. खांद्याला ओढ नाही, कळ नाही. एवढ्या वर्षांनी हात सहज पोचत होता, आणि खरं सांगायचं तर मावशींना त्याचाच आनंद झाला. हिरवा धुरळा उठला, फिल्टरनं तो ओढून घेतला. अर्ध्यावर थांबायचं होतं ते राहूनच गेलं. भानावर आल्या तेव्हा कोपरा धुतलेल्या ताटासारखा झाला होता.

रंगोबा दगडाआडून चालत आला. नेहमीच्या जागी थांबला. चोच मारली. दोन पावलं सरकून पुन्हा मारली. मग तिथेच पंख हलवत राहिला. मावशी खाली उतरल्या आणि घासणी धुऊन खुंटीला लावली.

गुरुवारी समिती आली. सात नंबरपुढे थांबली. “हे सगळं मावशींचं काम बरं का,” डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कोटातल्या एका गृहस्थांनी मावशींकडे बघून मान हलवली. मावशींना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

पुढच्या दिवसांत सात नंबरपुढे गर्दी वाढली. एरवी रंगोबाला शोधावं लागायचं. लोक काचेला नाक लावून कंटाळायचे आणि पुढे जायचे. आता तो दिवसभर बाहेर होता. या दगडावरून त्या दगडावर, पुढच्या काचेपाशी, कडेला, पुन्हा मागे. “अय्या, किती छान दिसतोय आज! फिरतोय बघ कसा!” बायका पोरांना उचलून दाखवायच्या. मावशी फडकं घेऊन मागे उभ्या असायच्या. तो फिरत नव्हता, खाणं शोधत होता. पण हे कुणाला आणि कुठल्या तोंडानं सांगणार?

कोपरा घासल्यापासून आठव्या दिवशी त्यांनी फिल्टरच्या हौदातून एक मुठीएवढा घाणेरडा दगड काढला आणि गुपचूप सात नंबरमध्ये सोडला. रंगोबानं तो सकाळपासून दुपारपर्यंत टिपून टिपून साफ केला. दुसऱ्या दिवशी दुसरा सोडला. हौदात तसले पाच दगड होते. पाचही सोडून झाल्यावर मावशींनी पुन्हा हौदात हात घातला तर हाताला नुसती नळी लागली. टिंबांना नव्यानं वाढायला किती दिवस लागतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. भिंग लावून कोपऱ्यात बघितलं. काच दिसली, त्यात स्वतःचा मोठा झालेला डोळा दिसला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्या मशीनशेजारच्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. नवरा शर्टाला काज करत होता.

“काय गं? पाय दुखतायत?”

“पाय कधी दुखत नाहीत ते सांग.”

“मग?”

“रंगोबा वाळलाय. डोक्यामागे खड्डा पडलाय त्याच्या. पोट आत गेलंय.”

नवऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. घरात रंगोबाची बातमी रोज असायची. मुलगीसुद्धा फोनवर आधी त्याची चौकशी करायची आणि मग बापाच्या खोकल्याची. “अजून सांगितलं नाहीस तू त्या पोराला?”

“काय सांगू? घासणी आणलीन माझ्यासाठी. तोंड भरून कौतुक केलंन चारचौघांत.”

“म्हणून मासा मारायचा?”

“असं बोलू नकोस ना.”

“मग कसं बोलू? साहेब ओरडायचा तेव्हा नऊ वर्षं दाद दिली नाहीस त्याला. हा गोड बोलला तर पार विरघळलीस.” मशीनच्या पायट्यावरचा पाय त्यानं काढला. त्यालाही वाईट वाटत होतं. तो रंगोबाला दोनदाच भेटला होता, पण त्याच्या नक्षीवरून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला त्यानं वळणं काढून दिली होती. “चहा ठेवू का?”

“नको. मी दमलेय रे,” मावशी म्हणाल्या. “नुसती पायांनी नाही. सगळीच.”

नवरा उठला आणि त्यानं चहा ठेवलाच.

विसाव्या दिवशी डॉक्टरांनाच ते दिसलं. सकाळच्या फेरीत ते सात नंबरपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले.

“मावशी, हा फार उतरलाय. खाणं तर व्यवस्थित आहे...” त्यांनी भिंतीवरचा तक्ता बघितला. टाकीतल्या प्रत्येक माशापुढे रोज दोन वेळा ‘खाल्लं’ अशी खूण होती. “पोटात जंत असणार. आजारी माशांच्या टाकीत हलवू या. दहा दिवस औषध देऊ. तुम्ही ती टाकी चांगली उकळत्या पाण्यानं धुऊन ठेवा. आत काही नको, दगड नको, वाळू नको. नुसती काच.”

नुसती काच! दहा दिवस!

“हो,” असं तोंडावर आलंच होतं. एकवीस वर्षांची सवय ती. त्यांनी ओठ मिटून घेतले. डॉक्टर चार पावलं पुढे गेले. आठ नंबरपाशी पोचले.

“डॉक्टर!”

मावशींचा आवाज एवढा मोठा निघाला की तिकीट खिडकीवरच्या बाईनं मान बाहेर काढून बघितलं.

“त्याला जंत नाहीत. तो उपाशी आहे.”

“अहो, पण तक्त्यावर रोज...”

“तक्ता मी भरते. ते खोटं आहे.” एकदा तोंड उघडल्यावर मावशी थांबल्या नाहीत. “तो गोठवलेलं खात नाही. नऊ वर्षांत एक कण खाल्ला नाही त्यानं. तुकडा पडला की जवळ येतो, बघतो आणि जातो निघून. त्याच्या टाकीतले जोकर मासेच खातात सगळं. ‘नाही’ अशी खूण केली की साहेब बोलवायचे, ओरडायचे, म्हणून मी ‘खाल्लं’ करत गेले. तो मागच्या कोपऱ्यातले किडे खायचा. घाणीत होतात ते, टिंबाएवढे. म्हणून मी तो कोपरा घासत नव्हते. हात पोचत नाही हे निमित्त होतं. आणि मग...”

“आणि मग मी घासणी आणली,” डॉक्टर म्हणाले.

मावशी डबा खायला बसायच्या त्या उलट्या बादलीवर ते बसले. तरणाताठा माणूस, पण तेवढ्यात चेहरा पडला त्यांचा.

“मी वाचलंय हे,” ते म्हणाले. “हे मासे जिवंत बारीक जीवच खातात, पुस्तकात लिहिलेलं असतं. तक्ता बघून मला वाटलं, हा शिकलाय गोठवलेलं खायला. मी तर मित्रांना फोन करून सांगितलं, आमच्याकडे असा एक मासा आहे म्हणून. मावशी, मला एक शब्द सांगितला असतात तर?”

“तुम्ही ओरडला असतात तर घासलं नसतं मी,” मावशी म्हणाल्या. हे ऐकून डॉक्टरांना काय वाटलं असेल ते असो, पण खरं तेच होतं.

त्यानंतर डॉक्टरांनी हातपाय आपटले नाहीत की जाब विचारला नाही. कामाला लागले. कोळंबीसारख्या इवल्या जीवांची अंडी मागवली आणि ती बाटल्यांमध्ये उबवायला ठेवली. किनाऱ्यावरून शेवाळलेले दगड आणवले, ते धुऊ नका असं स्वतः चिठ्ठी लावून सांगितलं. सात नंबरमध्येच एक जाळीची पेटी सोडून रंगोबाला तिच्यात ठेवलं, म्हणजे जोकरांचा त्रास नको. मावशी दर तासाला नळीनं पेटीत पिल्लं सोडायच्या. सुटीच्या दिवशीही आल्या. पहिल्या दिवशी त्यानं तीन टिपली. दुसऱ्या दिवशी मावशींनी अकरा मोजली आणि डॉक्टरांना जिन्यातच गाठून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सात.

“उशीर झाला असेल का हो?” त्यांनी विचारलं.

“बघू,” डॉक्टर म्हणाले. डॉक्टर लोक ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्यांनी बघितलेलं असतं, हे मावशींना नवऱ्याच्या दुखण्यांमुळे माहीत होतं.

मंगळवारी सकाळी दिवे लावले तेव्हा रंगोबा पेटीच्या तळाशी कुशीवर पडला होता. रंग फिकटले होते. निळा राखाडी झाला होता, केशरी वळणं पुसट. मावशींनी त्याला चमच्यानं उचललं, जाळीनं उचलवेना. डॉक्टरांच्या खोलीत नेऊन ओल्या कापसावर ठेवलं. मग बाहेर जाऊन एक नंबरपासून सहा नंबरपर्यंतच्या टाक्यांना खाणं घातलं, कारण ते बाकीचे वाट बघत होते. सात नंबरपाशी आल्यावर मात्र त्यांना रडू आलं. फडक्यानं तोंड पुसलं तर फडकंही खारं.

परत आल्या तेव्हा डॉक्टरांनी मोजमाप घेतलं होतं आणि एक जाडजूड वही उघडली होती. मेलेल्या माशांची नोंद त्या वहीत होते. टाकी, जात, लांबी, कारण, अधिकाऱ्याची सही. मावशींनी आजवर ती वही फक्त पुसली होती.

“वय लिहितो,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “नऊ वर्षं म्हणजे या माशाला पुष्कळ झाली. कुणी काही म्हणणार नाही.”

मावशींनी रंगोबाखालचा कापूस नीट केला.

“तुमचे सात महिने राहिलेत निवृत्तीला. उगाच चौकशी लागली, तक्ते काढले, कशाला तो ताप? मी बघतो ना सगळं. तुम्ही काळजी करू नका.” त्यांनी कारणाच्या रकान्यात ‘वय’ लिहिलं.

किती सरळ होतं. पुन्हा एकदा कुणीतरी त्यांच्या खांद्यावरचं ओझं बघितलं होतं आणि हलकं करायला पुढे आलं होतं. एक ‘हो’ म्हणायचं आणि घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायचे.

“डॉक्टर, तसं नका लिहू,” मावशी म्हणाल्या. “वय नव्हतं झालं त्याचं.”

“मग काय लिहू?”

“उपासमार.”

“मावशी, वर विचारतील, उपासमार कशी झाली म्हणून.”

“तेही लिहा. मागचा डावा कोपरा घासला, त्यातलं त्याचं खाणं गेलं. घासणारी मी.”

“घासणी मी दिली होती.”

“ते तुमच्या नावापुढे लिहा,” मावशी म्हणाल्या. “माझं माझ्या नावापुढे.”

डॉक्टरांनी ‘वय’ खोडलं आणि लिहायला घेतलं. रकाना पुरला नाही तेव्हा खालच्या ओळीत उतरले. ‘उपासमार’ लिहिलं, कोपऱ्याचं लिहिलं, गोठवलेलं खाणं न खाल्ल्याचं लिहिलं, घासणीचं लिहिलं. शेवटी मावशींच्या सांगण्यावरून एक वाक्य घातलं, की यापुढे असा मासा ज्या टाकीत असेल तिची एक भिंत घासू नये. वाचून दाखवलं. मावशींनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मग डॉक्टरांनी स्वतःची सही केली आणि वही मावशींकडे वळवली.

मावशींच्या सहीला त्या वहीत रकाना नव्हता. त्यांनी समासात केली. हात ओला होता, पेन नीट चालेना. दोनदा गिरवावं लागलं. अक्षरं शाळेतल्यासारखी सुटी सुटी आली, पण नाव आडनावासकट पुरं आलं. पान चांगलंच भिजलं होतं.

“बारा वाजता आठ नंबरचं पाणी बदलायचंय,” असं म्हणून त्या बादली उचलून बाहेर गेल्या. डॉक्टर पान वाळेपर्यंत वही उघडी धरून उभे राहिले.